पांढऱ्या रंगाविना बर्फ

जलरंगातील हिमनगरी आणि पेण-रोह्याचा चित्रकार

कोकणात बर्फ पडत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, थंडीत पहाटे नदीकाठी धुके उतरते, वळवाच्या सरीत क्वचित गारा वेचायला मिळतात. पण छपरावर साचलेला, कुंपणावर थापलेला, रस्ता दिसेनासा करणारा बर्फ येथे कोणी अंगणात उभे राहून पाहिलेला नाही. तरीही पेण वा रोह्यासारख्या गावात जलरंगांचा नाद लागलेल्या माणसाला कधी ना कधी बर्फातले गाव रंगवावेसे वाटतेच. जुन्या दिनदर्शिकांवरील स्वित्झर्लंड, नाताळची भेटकार्डे आणि आता न्यू जर्सीहून वा टोरोंटोहून नातेवाईकांनी मोबाइलवर धाडलेली छायाचित्रे ही त्यामागची प्रेरणा असते. पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यात उभी असलेली लाल, पिवळी, निळी घरे पाहिली की कुंचल्याला मोह आवरत नाही.

हा विषय दिसायला सोपा आहे. निम्मा कागद कोराच ठेवायचा, मग अवघड ते काय, असा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात जलरंग या माध्यमाची सगळी परीक्षा याच विषयात पाहिली जाते. जलरंगात पांढरा रंग नसतो. पांढरा असतो तो कागद. एकदा त्यावर रंग चढला की मूळचा शुभ्रपणा पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून हिमनगरीचे चित्र रंगवण्याआधी, काय रंगवायचे नाही हे ठरवावे लागते.

पांढरा येतो कुठून?

तैलरंगाचा चित्रकार गडदाकडून उजळाकडे जाऊ शकतो. काळोखी भिंत रंगवून झाल्यावर तिच्यावर पांढऱ्या रंगाचा जाड फटकारा मारला की छपरावर बर्फ बसतो. पारदर्शक जलरंगात क्रम उलटा असतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आरपार जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि परत आपल्या डोळ्यांकडे येतो. थर जितका पातळ, तितका उजेड अधिक. शुभ्र बर्फ म्हणजे शून्य थर.

अपारदर्शक पांढरा रंग चित्रकारांना ठाऊक नव्हता असे नाही. इंग्लंडमधील विन्सर अँड न्यूटन या कंपनीने १८३४ मध्ये जस्ताच्या भस्मापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ जलरंग म्हणून बाजारात आणला आणि तो लोकप्रियही झाला. मात्र पारदर्शक पद्धतीच्या आग्रही चित्रकारांनी त्याचा वापर बेताने केला. याचे कारण व्यावहारिक आहे. कोऱ्या कागदाच्या शेजारी लावलेला पांढरा रंग खडूसारखा मठ्ठ दिसतो आणि त्यावर दुसरा रंग चढवला की तो दुधाळ होतो.

महाराष्ट्राला जलरंगाची थोर परंपरा आहे. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतून हे माध्यम येथे रुजले. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर यांचे हातात दीप घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते पाहायला आजही लोक रांगा लावतात, आणि अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. त्या चित्रातील दिव्याचा उजेड बोटांच्या कडांतून पाझरतो, तो भोवतालच्या अंधाराशी राखलेल्या नेमक्या अंतरामुळे. बर्फाचे तंत्र याहून वेगळे नाही. उजेड दाखवायचा तर त्याच्या शेजारची छटा अचूक हवी.

बर्फ पांढरा, सावली निळी

बर्फाचा एकेक कण पारदर्शक असतो. असंख्य कणांच्या पृष्ठभागांवरून प्रकाश पुनःपुन्हा विखुरला जातो आणि सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात परत येतो, म्हणून बर्फाचा थर पांढरा दिसतो. काचेचा चुरा किंवा साखर पांढरी दिसते ती याच कारणाने. याचा चित्रकारासाठी अर्थ असा, की बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. तो भोवतालचा रंग घेतो.

उन्हाच्या दिवशी बर्फाच्या उजेडी बाजूवर सूर्याचा किंचित उबदार प्रकाश असतो. सावलीत सूर्यप्रकाश पोहोचत नाही, तेथे फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो. म्हणून सावली निळी वा जांभळट दिसते. आभाळ भरून आले असेल तर सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि सारे करडे, मऊ होते. संध्याकाळी उजेडी बाजू गुलाबी-नारिंगी आणि सावली अधिक गहिरी निळी होते. लाल भिंतीच्या पायथ्याशी पडलेल्या बर्फावर लालसर झाक येते.

आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही पटते, पण ती पटायला वेळ लागला. क्लोद मोने याने १८६८-६९ च्या हिवाळ्यात बर्फाळ कुंपणाच्या फाटकावर बसलेल्या एका पक्ष्याचे चित्र रंगवले. कुंपणाची निळसर सावली बर्फावर पसरलेली त्यात दिसते. १८६९ च्या पॅरिसमधील अधिकृत प्रदर्शनाच्या निवड समितीने ते नाकारले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचे भूषण मानले जाते. डोळ्यांना दिसते ते रंगवायचे की मनात ठरलेले रंगवायचे, हा त्यामागचा झगडा होता. बर्फ न पाहिलेल्या चित्रकारापुढेही तोच प्रश्न असतो, किंबहुना अधिक तीव्रतेने. कारण त्याच्या मनात ठरलेल्या बर्फाखेरीज दुसरे काहीच नसते.

पेणमध्ये पांढऱ्याची शाळा

मग बर्फाचा अभ्यास करायचा तरी कुठे? पेणकरांना त्यासाठी गाव सोडण्याचे कारण नाही. पेण आणि परिसरातील हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने जवळजवळ वर्षभर चालू असतात. रंग न लावलेल्या कच्च्या मूर्ती मोठ्या संख्येने येथून बाहेरगावी जातात. अशा कच्च्या मूर्तींची रांग म्हणजे पांढऱ्या रंगाची पाठशाळाच. शाडूची मूर्ती वाळल्यावर करडसर पांढरी दिसते, प्लास्टरची शुभ्र दिसते. दोन्ही शेजारी ठेवल्या की ‘पांढरा’ हा एक रंग नव्हे, हे क्षणात कळते.

कारखान्याच्या दाराशी ठेवलेल्या मूर्तीकडे नीट पाहावे. दाराकडील गालावर बाहेरच्या आभाळाचा थंड उजेड असतो, आतल्या बाजूवर दिव्याची किंवा मातीच्या जमिनीची उबदार झाक. सोंडेखालच्या सावलीत पोटावरून परतलेला उजेड असतो, त्यामुळे ती सावली अपेक्षेपेक्षा फिकी दिसते. शेजारी पिवळे पीतांबर रंगवलेली मूर्ती असेल तर कच्च्या मूर्तीच्या कुशीवर पिवळसरपणा उतरतो. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला हे सारे अनुभवाने ठाऊक असते. बर्फाने झाकलेल्या छपरावर, कुंपणावर आणि टेकडीवर प्रकाश याच नियमाने वागतो. कारागिरांची परवानगी घेऊन, त्यांच्या कामात अडथळा न आणता अर्धा तास बसून दोन करड्या छटांत अशी चार रेखाटने केली, तर बर्फाच्या वीस छायाचित्रांची नक्कल करण्यापेक्षा अधिक हाती लागते.

दुसरी शाळा मिठाची. पेणच्या खारेपाटात मिठागरांची परंपरा जुनी आहे. आगरी समाजाच्या नावातच आगर आहे. आता मिठागरे पूर्वीइतकी उरलेली नाहीत, पण उन्हात मिठाची रास पाहायला मिळाली तर ती चुकवू नये. माथ्यावर डोळे दिपवणारा पांढरा, उतरणीवर निळसर सावली आणि पायथ्याशी ओल्या चिखलाचा तपकिरी परावर्तित रंग असे बर्फाच्या ढिगाचे सगळे धडे त्यात सापडतात.

तेही जमले नाही तर घरच्या गच्चीवर हिमनगरी उभारता येते. काड्यापेट्यांना रंगीत कागद चिकटवून, वर पुठ्ठ्याची उतरती छपरे बसवून आठदहा घरे करावीत. ती परातीत मांडून त्यांच्या छपरांवर आणि भोवती जाडे मीठ पसरावे. सकाळी आठच्या सुमारास तिरप्या उन्हात ही परात ठेवली की घराच्या लांब सावल्या मिठावर पडतात. सावलीचा रंग कोणता, निळ्या घराच्या पायथ्याशी मिठाचा रंग कसा बदलतो, छपराची कोणती बाजू भिंतीपेक्षा उजळ आणि कोणती अंधारी, याची उत्तरे डोळ्यांसमोर मिळतात. हीच परात दुपारी सावलीत आणि संध्याकाळी पश्चिमेच्या उजेडात ठेवून पाहिली की एका दिवसात तीन ऋतूंचा अभ्यास होतो.

रंगीत घरे कशासाठी?

बर्फाळ प्रदेशांतील घरे रंगीत असतात त्यामागे हौसेइतकीच सोयही आहे. स्वीडनमधील घरांचा प्रसिद्ध तांबडा रंग फालून येथील तांब्याच्या खाणीच्या टाकाऊ मातीतून येतो. तिच्यात लोहाची संयुगे भरपूर असतात. रंग स्वस्त पडतो आणि लाकडाचे रक्षणही करतो. खाण १९९२ मध्ये बंद झाली, तरी साचलेल्या मातीपासून रंग आजही बनतो. ग्रीनलंडमध्ये डॅनिश अमलाखाली इमारतींच्या रंगांना अर्थ होता: दुकाने आणि चर्च तांबडी, रुग्णालये पिवळी, मासळीचे कारखाने निळे. चित्रकाराने हे लक्षात ठेवले तर घरांना वाटेल ते रंग फासण्याऐवजी एखाद्या गावाचा म्हणून एक रंगमेळ साधता येतो. भारतातही सिमला, मनाली वा गुलमर्ग येथील पत्र्यांची तांबडी-हिरवी छपरे हिवाळ्यात अर्धी बर्फाखाली आणि अर्धी उघडी दिसतात. ती आपल्या डोळ्यांना अधिक जवळची वाटतात.

छपरांच्या बाबतीत तर कोकणी माणूस आधीच तयार असतो. बर्फ घसरून पडावा म्हणून तिकडे छपरे उतरती, पाऊस वाहून जावा म्हणून इकडे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोचली. पेण-रोह्याच्या जुन्या आळ्यांत उतरती कौलारू छपरे, पुढे आलेल्या पडव्या, लाकडी खांब आणि पिवळसर, निळसर चुन्याच्या भिंती अजून काही ठिकाणी टिकून आहेत. अशा आळीचे रेखाटन ज्याने हातात बसवले आहे, त्याला नॉर्वेतील गल्ली परकी राहत नाही. फरक एवढाच ध्यानात घ्यावा, की कौलांची छपरे पोताने भरलेली असतात, तर बर्फाखालचे छप्पर सपाट, गुबगुबीत आणि कडेला किंचित गोलाई घेतलेले असते. बर्फाला जाडी असते. कडेची ती एक बोटभर सावली दाखवली नाही तर छप्पर चुन्याने पांढरे केल्यासारखे दिसते.

साहित्य आणि कोकणची हवा

या विषयात कागदावर कंजुषी करू नये. ३०० ग्रॅम वजनाचा, पूर्ण सुती, मध्यम खरबरीत पोताचा कागद उत्तम. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि खळग्यांत रंग साचून बर्फावर डाग पडतात. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे सुती चिंध्यांच्या कागदाची आपल्याकडे ओळख आहे. मात्र कोणताही हातकागद घेताना त्यावर पाणी टाकून तो टिपकागदासारखे शोषत तर नाही ना, हे आधी पाहावे. सुरुवातीला २८ बाय ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे पूर्ण इम्पीरियल कागदाचा पाव भाग पुरेसा होतो.

रंग थोडेच असावेत. अल्ट्रामरीन निळा, कोबाल्ट निळा, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक थंड गुलाबी-लाल, एक उबदार लाल आणि एक लिंबू पिवळा एवढ्यावर गाव उभे राहते. जुना अलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोन वर्गातील गुलाबी घ्यावा. तयार काळा वापरू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून थंड करड्यापासून उबदार करड्यापर्यंत सर्व छटा निघतात, आणि घट्ट केल्यास जवळजवळ काळाही मिळतो. महाराष्ट्रातील पिढ्यान्पिढ्या ज्या कॅमल पेटीवर वाढल्या, ती दांडेकरांच्या १९३१ मध्ये सुरू झालेल्या शाईच्या उद्योगातून पुढे आली. सरावाला विद्यार्थ्यांचे रंग चालतात. टिकाऊ चित्रासाठी नळीतील कलावंत दर्जाचे घ्यावेत.

कोकणातील दमट हवा ही जलरंगाची मोठी अडचण आहे. पावसाळ्यात कागदावरील सरसाचा थर बुरशीने खराब होतो. वरून कागद धड दिसतो, पण रंग लावताच ठिपके उमटतात. आकाशात असे ठिपके खपतील, बर्फाच्या कोऱ्या जागेशेजारी नाही. म्हणून कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. दमट दिवसात थर वाळायला फार वेळ लागतो आणि उतावीळपणे दुसरा थर दिला की फुलकोबीसारखे डाग उठतात. पेण-रोह्यात या कामाला डिसेंबर आणि जानेवारी हे महिने सर्वांत सोयीचे. पावसाळ्यात काम करायचेच असेल तर केस वाळवण्याचे यंत्र हाताशी ठेवावे.

आराखडा

प्रथम तळहाताएवढ्या चौकटीत तीन-चार लहान रेखाटने करावीत आणि त्यांत फक्त तीन छटा वापराव्यात: पांढरी, मधली, गडद. पांढऱ्या भागांनी एकमेकांशी जोडलेला एक सलग आकार तयार व्हायला हवा. छपरे, रस्ता, कुंपण, टेकडी यांचे पांढरे तुकडे सुटे विखुरले तर चित्र ठिगळांचे दिसते. रंगीत घरांचेही तसेच. आठ घरे आठ रंगांची केली की नजर कुठेच ठरत नाही. एक घर नायक असावे, ते सर्वांत शुद्ध रंगात. दोन-तीन त्याच्या जोडीला. उरलेली करड्याकडे झुकणारी. तांबड्या घराला तांबडेपण येते ते शेजारच्या मळकट हिरव्या किंवा निळसर करड्या भिंतीमुळे.

पेन्सिलीचे रेखाटन हलक्या हाताने करावे. क्षितिजरेषा ठरवून गल्लीतील छपरांच्या आणि खिडक्यांच्या रेषा एकाच लोपबिंदूकडे जातात की नाही, ते तपासावे. रबर फार घासू नये. कागदाचा पृष्ठभाग सोलतो आणि बर्फाच्या जागीच रंग गढूळ बसतो. बारीक कुंपण, दिव्याचे खांब, फांद्यांवरचा बर्फ अशा जागा मास्किंग द्रवाने झाकता येतात. तो जुन्या कुंचल्याने लावावा, लावण्यापूर्वी कुंचला साबणाच्या पाण्यात बुडवावा, आणि कोकणातल्या उष्म्यात दोन दिवस कागदावर राहू देऊ नये. नंतर तो कागदाचे तंतू घेऊनच निघतो. मोठ्या जागा मात्र हातानेच राखाव्यात. मास्किंगच्या कडा कठोर येतात आणि बर्फ मऊ असतो.

रंगवण्याचा क्रम

आकाशापासून सुरुवात करावी. येथेच बहुतेकांची पहिली चूक होते. आकाश उजळ ठेवले की बर्फाला उजळ व्हायला जागा उरत नाही. ढगाळ दिवशी बर्फाची छपरे आकाशाहून उजळ वाटतात, म्हणून आकाश एक पायरी गडद हवे. छपरांच्या रेषेपर्यंत कागद ओला करून त्यात कोबाल्ट निळा आणि थोडा बर्न्ट सिएना सोडावा. क्षितिजाजवळ यलो ऑकरचा अगदी पातळ उबदार पट्टा द्यावा. छपराच्या कडेशी हा रंग नेटका थांबला की कोरे छप्पर आपोआप बर्फाचे होते. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे लक्षात ठेवून आकाश वाटते त्याहून थोडे घट्टच लावावे.

आकाश पूर्ण वाळल्यावर दूरची झाडी आणि टेकडी करड्या-निळ्या एकाच छटेत घालावी. तिची खालची कड पाण्याने विरवून टाकली की टेकडी बर्फात उतरल्यासारखी दिसते. त्यानंतर घरे. प्रत्येक भिंत एकाच दमात, भरपूर रंग आणि पाणी घेऊन रंगवावी. ओली असतानाच वरच्या बाजूला थोडा थंड रंग आणि खाली, जमिनीजवळ, थोडा उबदार वा पातळ रंग सोडावा. बर्फावरून परतणारा उजेड भिंतीच्या खालच्या भागात पोचतो, त्यामुळे भिंत खाली उजळत जाते. मोकळ्या जमिनीवरच्या घरात हे इतके ठळक दिसत नाही. एवढ्या एका निरीक्षणाने घर बर्फात उभे राहते.

मग बर्फावरच्या सावल्या. कोबाल्ट निळ्यात किंचित गुलाबी मिसळून पातळ जांभळट रंग करावा आणि मोठ्या कुंचल्याने सावली एका झटक्यात टाकावी. तिच्यावर पुन्हा फिरू नये. सावली जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळते. सपाट रस्त्यावर सरळ, ढिगावरून जाताना बाकदार. घराजवळ तिची कड कठोर, दूर जाताना मऊ. तांबड्या भिंतीच्या पायथ्याशी सावली ओली असतानाच तांबड्याचा एक थेंब सोडावा. कोरा राखलेला बर्फ आणि ही सावली यांच्यातला फरक बेताचाच असावा. सावली फार गडद झाली तर बर्फाऐवजी खडक दिसतो.

शेवटी खिडक्या, दारे, माणसे, पावलांचे ठसे. खिडक्यांत एकसारखा काळा भरू नये. दोन-तीन खिडक्यांत पिवळा-नारिंगी उजेड राखला तर साऱ्या चित्रातील थंडी जाणवू लागते. निष्पर्ण झाडांच्या फांद्या जवळजवळ कोरड्या कुंचल्याने, खरबरीत कागदावर ओढाव्यात. कागदाचे उंचवटे कोरे राहतात आणि फांदीवर बर्फ बसल्याचा भास होतो. रस्त्यावर एखादे माणूस गडद कपड्यांत दाखवले की घरांची उंची कळते. त्याची पावले बर्फात रुतलेली असतात, म्हणून पाय घोट्याशीच संपवावेत.

पडता बर्फ आणि मीठ

पडणारा बर्फ दाखवण्याच्या तीन रीती आहेत. रंगवण्याआधी मास्किंग द्रवाचे बारीक शिंतोडे उडवणे ही पहिली. शेवटी पांढऱ्या गॉश वा पोस्टर रंगाचे शिंतोडे टूथब्रशने उडवणे ही दुसरी; पारदर्शकतेचे कट्टर पुरस्कर्तेही एवढी सवलत बहुधा घेतात. तिसरी रीत मिठाची. आकाशाच्या ओल्या रंगावरची चकाकी मावळू लागताच चिमूटभर मीठ भुरभुरावे. मिठाचा कण भोवतालचे पाणी ओढतो, रंग हलतो आणि हिमकणासारखा फिका तारा उमटतो. रंग फार ओला असेल तर मीठ विरघळून जाते, फार वाळला असेल तर काहीच होत नाही. दमट हवेत वाळणे लांबते आणि मीठ स्वतःच ओलसर होते, त्यामुळे कोकणात हा प्रयोग कोरड्या हिवाळ्यातच नीट साधतो. पूर्ण वाळल्यावर सर्व कण झटकून टाकावेत. मीठ हवेतील ओलावा ओढत राहते आणि कागदाला ते अपायकारक ठरते. संपूर्ण आकाश मिठाने भरले की क्लृप्ती उघडी पडते; एखाद्या कोपऱ्यात ती शोभते.

नेहमीचे दोष

नवशिक्या चित्रांत काही दोष हमखास आढळतात. बर्फाला पेन्सिलीची वा काळ्या रंगाची बाह्यरेषा दिलेली असते. सगळ्या सावल्या एकाच तयार निळ्याने भरलेल्या असतात. प्रत्येक छपरावर सारख्याच जाडीचा बर्फ असतो. खरे पाहता धुराड्याजवळ तो वितळतो, वाऱ्याच्या बाजूला उडून जातो, आडोशाला साचतो. समोरचा सारा रस्ता कोरा सोडलेला असतो, त्यामुळे चित्र अपुरे वाटते. तेथे गाडीच्या चाकोऱ्या, मळलेला तपकिरी बर्फ, कडेचे ढीग यांच्या दोन-तीन पातळ छटा हव्यात. आणि गेलेला पांढरा परत आणण्यासाठी जागोजागी पांढरा रंग थापलेला असतो. एखादी जागा बिघडली तर ती ओल्या स्वच्छ कुंचल्याने हलकेच उचलून टिपून घ्यावी. जितका उजेड परत मिळेल तितक्यावर समाधान मानून बाकीच्या छटा त्यानुसार जुळवाव्यात.

छायाचित्रांबाबतही सावध राहावे. कॅमेरा दृश्यातील सरासरी उजेड मध्यम करड्याकडे ओढतो, त्यामुळे बर्फ राखाडी येतो. मोबाइल ही चूक बरीचशी दुरुस्त करतो, पण त्यात सावल्यांचा निळा रंग अनेकदा भडक होतो. छायाचित्रातून घरांची मांडणी घ्यावी, रंग स्वतःच्या निरीक्षणातून. दुसऱ्याच्या छायाचित्राची वा चित्राची हुबेहूब नक्कल करून ती आपली म्हणून प्रदर्शनात मांडू नये. सरावासाठी पुण्याचे जलरंगकार मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तके मराठी वाचकाच्या हाताशी आहेत. त्यांतील शहरचित्रे गर्दीच्या दृश्यात काय सोडून द्यायचे हे शिकण्यास उपयोगी पडतात.

न पडलेला बर्फ

अखेरचा प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे. जो बर्फ पाहिला नाही तो रंगवावा का? जपानी चित्रकार हिरोशिगे याच्या एका मुद्राचित्रात याचे उत्तर सापडते. १८३३-३४ च्या सुमारास त्याने तोकाइदो या राजमार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची चित्रमालिका केली. तीत कांबारा या गावाचे चित्र आहे. रात्र झाली आहे, छपरे बर्फाखाली गेली आहेत आणि तीन वाटसरू वाकून चालले आहेत. बर्फाच्या जागी न छापलेला कोरा कागद आहे. जगातील उत्कृष्ट हिमचित्रांत त्याची गणना होते. गंमत अशी, की कांबारा हे उबदार हवेच्या किनारपट्टीवरील गाव आहे. तेथे असा दाट बर्फ पडणे दुर्मिळ, असे अभ्यासक सांगतात. हिरोशिगेने तो बर्फ कल्पनेने पाडला. पण छपरांचे उतार, माणसांचे वाकणे, रात्रीचा करडा रंग हे सारे त्याने पाहिलेले होते. कल्पना करण्याचा हक्क त्याला निरीक्षणाने मिळाला होता.

पेण-रोह्याच्या चित्रकारालाही हा हक्क आहे. कुंडलिकेच्या काठच्या रोह्यावर किंवा भोगावतीच्या काठच्या पेणवर कागदापुरता बर्फ पाडायला काहीच हरकत नाही. मात्र त्यासाठी त्या आळीतील छपरे कशी उतरतात, पडवी कुठे वळते, कोणत्या घराची भिंत निळी आहे, हे आधी माहीत हवे. आणि हे माहीत करून घेण्याची घाई केली पाहिजे. कौलारू घरांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत, चुन्याच्या निळ्या-पिवळ्या भिंती तयार रंगांखाली जात आहेत. कोऱ्या कागदावरचा पांढरा एकदा गेला की परत येत नाही. जुन्या आळीचेही तसेच आहे. दूरच्या हिमनगरीसाठी केलेला सराव या घरांच्या कामी आला, त्यांची चार खरी रेखाटने वहीत उतरली, तर पुढे त्यांवर बर्फ पाडायचा की पाऊस, हे चित्रकाराला निवांतपणे ठरवता येईल.